पाचवी ओळ

५ जानेवारी २००४, सोमवार

कंपनीने यंदाही डायरी दिली. मुखपृष्ठावर कारखान्याचा फोटो आणि त्याच्यापुढे हिरवीगार झाडं. ती झाडं माझी. फोटो काढणारा मुद्दाम पाड्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता, त्यामुळे धुराडं अर्धंच दिसतं. बारा वर्षांच्या कामाचं एवढं फळ मिळालं, पुष्कळ झालं.

जूनमध्ये साठ पूर्ण होतील. वनखात्यात पंचवीस वर्षं काढली, वनपाल म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इथे आलो. नाशिकहून घोटीकडे जाताना हा रंगाचा कारखाना लागतो. त्याच्या मागच्या भिंतीपासून वाघेरपाड्याच्या पहिल्या घरापर्यंत आमचा हरितपट्टा आहे आणि मी त्या पट्ट्याचा अधिकारी. अधिकारी म्हणजे एक टेबल, एक सायकल आणि लखन नावाचा एक पहारेकरी. कारखान्यातून जी धूळ, जो वास बाहेर पडेल तो झाडांनी अंगावर घ्यायचा, पाड्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, असा नियम. झाडं बिचारी घेतात. भिंतीलगतच्या ऐनाच्या झाडांची पानं जांभळी पडली आहेत. बायकोने, वत्सलाने वाळत घातलेली माझी धोतरंही कधी कधी जांभळी होतात. आमचं क्वार्टर भिंतीच्या आतच आहे ना.

गुडघे दुखतात. जून लवकर यावा.

१३ जानेवारी, मंगळवार

कुलथे साहेबांनी, म्हणजे आमच्या फॅक्टरी मॅनेजरांनी बोलावलं. संक्रांतीच्या तोंडावर टेबलावर तिळाच्या वड्या होत्या. मला एक दिली, स्वतः एक घेतली आणि विचारलं, "पट्टा कसा आहे, खैरनार?"

मी म्हटलं, "साहेब, बारा वर्षांत इतका चांगला कधीच नव्हता."

साहेबांचा चेहरा पडला. वडी कडक लागली असावी.

मग म्हणाले, दुसरं युनिट येतंय. सांडपाण्याच्या तळ्याला जागा पाहिजे, आणि सपाट जागा सगळ्या आवारात एकच आहे. मी म्हटलं, पण तिथे तर झाडं आहेत. "हो ना," साहेब म्हणाले, "झाडं आहेत." आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. झाडांबद्दल इतकी आत्मीयता असलेला मॅनेजर मी पहिल्यांदाच पाहतोय.

लखनला उद्यापासून पुढच्या गेटावर नेणार आहेत, माणसं कमी पडतात म्हणून. मागच्या फाटकाचं कुलूप मी लावत जाईन म्हटलं, तर म्हणाले, किल्ली ऑफिसात ठेवा, या वयात तुम्ही कशाला खेटे घालता. बरं झालं. पाय खरंच चालत नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार

आज पट्ट्यात भागीबाई भेटली. डोक्यावर मोळी होती. वाघेरपाड्यावरची ही बाई माझ्याच वयाची असेल, पण उतारावरून मोळी घेऊन चालते आणि वर बोलतेसुद्धा. मला पाहून नेहमीसारखी हसली. "राऊंडसाहेब, तुमी कवा चढणार?"

वनपालाला इकडे राऊंड म्हणतात. खातं सोडून तप झालं, पण नाव काही सुटत नाही. हा प्रश्न ती गेली दोन वर्षं विचारते आहे. माझ्या पोटाकडे बघून विचारते, म्हणजे चेष्टाच. मी म्हटलं, "आता मी फक्त एसटीत चढणार, तेही आमच्या गावच्या, सटाण्याच्या." ती म्हणाली, "मंग तुमच्या वळीचं कसं?" आणि गेली.

ओळीची गोष्ट जुनी आहे. पहिल्याच उन्हाळ्यात कंपनीचा टँकर बंद पडला आणि नवी रोपं माना टाकायला लागली. मी पाड्यावर गेलो. म्हटलं, पाणी घालाल तर एकेका घराला एकेक ओळ नेमून देतो, ही तुमची, ही तुमची. बायकांनी ओढ्यातून हंडे वाहिले. पाचव्या ओळीचं घर तेव्हा निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेलं होतं, ते परतलंच नाही. मग त्या ओळीला मी आणि वत्सला पाणी घालायचो. संध्याकाळी दोघं दोन बादल्या घेऊन जायचो आणि वाटेत भांडायचो. तेव्हा दोघांचेही गुडघे बरे होते.

८ फेब्रुवारी, रविवार

भागीबाईच्या मुलीचं, पूजाचं लग्न. वत्सलाला घेऊन गेलो. पत्रावळीवर भात, आमटी आणि वरून खदाखदा हसणारी माणसं. वास होताच. आज वारा पाड्याकडे होता, पण मांडवात कुणी नाकाला पदर लावला नव्हता. सवय झाली आहे.

देण्याघेण्याची बोलणी झाली तेव्हा भागीबाईचा नवरा सहादू उभा राहिला. पितळेचा हंडा दिला, एक गोऱ्हा दिला. मग म्हणाला, "आन आमच्या वळीतलं तीन ऐन पोरीला दिलं." नवरदेवाकडची माणसं माना डोलवून "लय दिलं, लय दिलं" म्हणाली. जावई पलीकडच्याच पाड्यावरचा आहे. मी मनापासून हसलो. कंपनीची झाडं आंदण! असा विनोद शहरात कुणाला सुचायचा नाही. मीही हात जोडून म्हटलं, "द्या, द्या, सुखाने द्या." सगळ्यांनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. एका म्हाताऱ्याने तर माझे पाय धरले.

घरी येताना वत्सला म्हणाली, "तुम्ही हसनात, त्या नही हसनात." म्हणजे मी हसलो, ते नाही हसले. माहेरची अहिराणी तिने चाळीस वर्षांत सोडली नाही, आणि माझी चूक दाखवायची असली की हमखास अहिराणीच निघते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कुलथे साहेबांनी आपण होऊन रजा दिली. महाशिवरात्रीला जोडून आठवडाभर सटाण्याला जाऊन या, घराचं काम बघून या म्हणाले. बारा वर्षांत रजा मागितली की कपाळाला आठी पडायची. माणूस बदलतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात उचलत नाही.

सकाळी एसटीतून उतरलो. वळणावरून नेहमी झाडं दिसतात. आज धुराडं दिसलं, मुळापासून टोकापर्यंत. वत्सलाच्या आधी मी धावलो. किती वर्षांनी धावलो असेन.

सगळा पट्टा बोडका. एकेक ऐन नुसता खांब होऊन उभा. फांद्या नाहीत, पाला नाही. मागचं फाटक सताड उघडं, कुलूप कडीला लटकलेलं, तोडलेलं नाही. आणि पाड्याच्या शेतांत जिकडे तिकडे फांद्यांचे थर पसरलेले. हे राबासाठी. भाताची, नागलीची म्हणजे नाचणीची रोपं जिथे टाकायची त्या वाफ्यावर फांद्या पसरतात, वरून पालापाचोळा आणि माती, मग उन्हाळ्यात जाळतात. माझी सगळी नोकरी सटाणा, मालेगाव, मनमाडच्या कोरड्या बाजूला गेली. राब मला ऐकून माहीत होता.

पाड्यावर जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हटलं. बारा वर्षं पोसलेल्या झाडांची माती केलीत म्हटलं. सहादू खाली बघत बसला. भागीबाई म्हणाली, "चोर कसं? तुमीच दिली ना वळ?"

"सांभाळायला दिली होती!"

"सांभाळली. पानी घातलं, गुरं वळली, वणवा इझवला. ज्यानं झाड जगवलं त्याचा राब. आमच्यात आसंच हाय. लहान व्हती तवर हात नाय लावला. आता तोडण्याजोगी झाली. पूजाला तीन दिली तवा तुमी पंगतीत व्हता, हात जोडून दिली तुमी."

मी तिथून उठलो. रडू आलं होतं आणि ते त्यांच्यासमोर यायला नको होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही. राग त्यांच्यावर आहे की माझ्यावर, कळत नाही. ऐन मरत नाही हे मला माहीत आहे. तोडला तरी पुन्हा फुटतो. पण फुटेपर्यंत मधे काय? धूळ सरळ घरांवर. आज सकाळी पाड्यावरच्या एका वासराची पाठ जांभळी दिसली.

वत्सला म्हणाली, फाटक कुणी उघडलं ते विचारा. मी म्हटलं, लखन नव्हता, राहिलं असेल उघडं. ती म्हणाली, "तो कुलथ्या लबाड शे." बाईमाणसाला लगेच कटकारस्थान दिसतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगायला भीत भीतच गेलो. पण साहेब चिडले नाहीत. उलट चहा मागवला. पट्ट्याकडे बघून "अरेरे" म्हणाले.

मग समजावून सांगितलं. दहा मार्चला नाशिकहून सरकारी तपासणी आहे. पट्टा मेला असं ठरलं तर ती जागा तळ्याला देता येईल आणि झाडं दुसरीकडे, डोंगराकडे लावता येतील. फक्त मी, पट्ट्याचा अधिकारी म्हणून, तपासणीवाल्यांसमोर सांगायचं की झाडं रोगाने मेली. "लोकांनी तोडली असं सांगितलंत तर पोलीस केस होईल, खैरनार. तुमचा तो सहादू, ती बाई, सगळे आत जातील. रोग म्हटलं की कुणाचंच नुकसान नाही." शेवटी म्हणाले, जूनमध्ये तुमचा मोठा निरोपसमारंभ करायचाय, शाल, नारळ, सगळ्या युनिटसमोर.

गरिबांवर केस होऊ नये म्हणून मॅनेजर एवढा विचार करतो. मनाने माणूस वाईट नाही. तरी चहा गोड लागला नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार

पाड्यावर गेलो. आठवडाभर टाळत होतो. वाटेत पट्ट्यातून जाताना लक्षात आलं, रागाच्या भरात त्या दिवशी दिसलं नव्हतं. एक ओळ तशीच आहे. पाचवी. पाला जांभळट, पण सगळा जागच्या जागी.

भागीबाई अंगणात नागली पाखडत होती. बसा म्हणाली. मी तपासणीचं आणि तळ्याचं सगळं सांगितलं. तळं कुठे येणार ते हात करून दाखवलं. तिच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. ती पाखडायची थांबली.

"तिथं ते काळं पानी ठिवणार?"

"हो."

"आन तुमी सांगणार झाडं मेली?"

"नाहीतर तुमच्यावर केस होईल."

ती उठली. आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी विचारलं, पाचवी ओळ का ठेवली? तिला माझाच प्रश्न विचित्र वाटला. "ती तुमची. तुमी आन वयनींनी पानी घातलं. तुमच्या झाडाला आमी कसा हात लावणार?" मग म्हणाली, "दोन वरसं झाली इचारते, कवा चढणार. तोडण्याजोगं झालं आन धन्यानं तीन वरसं कोयता लावला नाय, तर झाड बेवारस व्हतं. यंदा तिसरं. यंदा नाय तोडली तर मंग ती कंपनीचीच."

तर पोटाची चेष्टा नव्हती ती.

मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. पंचवीस वर्षं मी लोकांचे कोयते जप्त केले. आणि इथे माझ्या नावाची झाडं उभी होती, बाकीच्यांनी राखलेली, मला पत्ताच नव्हता. बरं वाटलं. आणि लाजही वाटली.

८ मार्च, सोमवार

इकडे आड तिकडे विहीर. मेली म्हणालो तर पट्टा जातो आणि भागीबाईच्या दारात सांडपाण्याचं तळं येतं. जिवंत आहेत, लोकांनी तोडली म्हणालो तर लोक आत जातात. काल धुळवडीला कॉलनीतल्या पोरांनी माझ्या अंगावर रंग टाकला आणि मी वसकन ओरडलो. रंगाचा वीट आलाय. सगळ्याचाच आलाय. शाल-नारळ घेऊन एकदाचं सुटावं असं वाटतं, खोटं कशाला लिहू.

१० मार्च, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी लवकर पट्ट्यात गेलो. काही ठरलं नव्हतं. एका बोडक्या ऐनाची साल नखाने खरवडली. आत हिरवी, ओली. दुसऱ्याची खरवडली. तीही तशीच. पाचव्या ओळीपाशी येऊन बसलो. मेली म्हणायचं तर जीभ उचलत नव्हती, आणि बाकी काय म्हणायचं ते सुचत नव्हतं.

बसल्या बसल्या एवढंच मनात आलं, की या पट्ट्यात झाड छाटायचा अधिकार कंपनीने एकाच माणसाला दिलाय. आणि तो माणूस मी आहे.

भागीबाईकडे जाऊन कोयता मागितला. तिने माझ्याकडे बघितलं, कोयता दिला, आणि म्हणाली, "आलात का यकदाचे." मागोमाग सहादू आणि जावई शिडी घेऊन आले. मी शिडी नको म्हटलं. तो आगाऊपणा होता. दोनदा घसरलो, नडगी सोलवटली, तिसऱ्या वेळी जावयाने खालून ढकललं तेव्हा बेचक्यात पोचलो. वरून कारखाना आणि पाडा एकाच वेळी दिसतात. बारा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. फार जवळ आहेत दोन्ही.

तोडायला लागलो. हात भरून आले. पहिली फांदी पडली तेव्हा खाली बायका ओरडल्या, आनंदाने की माझ्या काळजीने, माहीत नाही. तिसऱ्या झाडावर होतो तेव्हा गाडी आली. कुलथे साहेब उतरले आणि तपासणीच्या बाई उतरल्या. बाई तरुण होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला. साहेब हात पसरून सांगत होते, हा बघा मॅडम, रोगाने कसा सगळा पट्टाच्या पट्टा बसला. तेवढ्यात त्यांच्यापुढे फांदी पडली.

बाईंनी वर पाहिलं. "ते कोण आहेत?"

मीच वरून म्हटलं, "खैरनार, मॅडम. पट्ट्याचा अधिकारी."

"तुम्ही वर काय करताय?"

"छाटणी. सगळ्या पट्ट्याची केली, ही शेवटची ओळ राहिली होती. पाड्यावरची माणसं मीच लावली आहेत."

"पण हे तर म्हणतात, झाडं रोगाने मेलीत."

मी साहेबांकडे पाहिलं. ते मान हलवून मला नको, नको म्हणत होते. डोळ्यांत धमकी नव्हती, नुसती भीती होती. त्यांनाही वर कुणी साहेब असणारच. क्षणभर त्यांची कीव आली.

"मेलेल्या झाडाची छाटणी कोण करतं, मॅडम?" मी म्हटलं. "कुठलीही साल खरवडून बघा."

बाईंनी खरवडली. एक नाही, दहा झाडांची असेल. मग पाड्यापर्यंत चालत गेल्या, त्या जांभळ्या वासराला हात लावून आल्या, बोटांकडे बघितलं आणि लिहून घेतलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "उतरताना जपून."

उतरायला चार माणसं लागली.

संध्याकाळी वत्सलाने नडगीला हळद लावली. म्हणाली, "आते तरी घर चला." हसत होती.

३१ मार्च, बुधवार

आजपासून कामावर नाही. तोडणीला लेखी मंजुरी घेतली नव्हती, हे कारण. खरंच आहे, घेतली नव्हती. केस मात्र कुणावरही नाही, कारण तोडणी अधिकाऱ्यानेच केलेली. तळ्याची जागा तूर्त नामंजूर. तूर्त म्हणजे किती दिवस, ते कुणालाच माहीत नाही.

शाल नाही, नारळ नाही. लखन तेवढा निरोप द्यायला आला. जाता जाता त्याला विचारलं, फाटक कसं रे उघडं राहिलं? तो वत्सलाकडे बघायला लागला, वत्सला त्याच्याकडे. मला ते कोडं अजून सुटलेलं नाही. किल्ली तर ऑफिसात होती.

निघताना वळणावर एसटी हळू झाली. काही खांबांच्या टोकाला तांबूस फुटवे दिसले. की तसं मलाच वाटलं. चष्मा पेटीत होता.

२८ नोव्हेंबर २००४, रविवार. सटाणा

आठ महिने काहीच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं घडलं नाही. मी डाळिंबाच्या बागेत बसून राहतो आणि मेव्हण्याला नको ते सल्ले देतो.

आज दुपारी सहादू आणि त्याचा जावई दारात उभे. तीन एसट्या बदलून आले होते. सोबत एक पाटी, वर फडकं बांधलेलं. मला वाटलं काही वाईट बातमी आहे. विचारायचा धीर होईना. मग सहादूनेच सांगितलं, पट्टा हाय. फुटला. पुन्यांदा मोजणीवालं आलं व्हतं, आमी वळीत हुबं राहिलो, गेलं माघारी. परत येतील म्हणत्यात.

मग फडकं सोडलं. नागली होती.

"तुमच्या वळीचा राब भागीनं आपल्या वाफ्यावर जाळला. त्येच्यावर जी पिकली त्यात धन्याची यक पाटी. तुमी नाय आला न्यायला, मंग आमी आलो."

मी पाटीत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. साठ वर्षांच्या माणसाने पाहुण्यांसमोर असं रडू नये. सहादू कौलांकडे बघत बसला. ऐकलं तेव्हा कळलं, की बायकोचं नाव तो एरवी कधी घेत नाही. आज घेतलं होतं.

संध्याकाळी वत्सलाने त्याच नागलीच्या भाकरी केल्या. सटाण्याची बाजरीवाली बाई, पहिल्या दोन मोडल्या. चौघं जेवायला बसलो. सहादू म्हणाला, मधली वरसं झाडाला इसावा. तिसऱ्या वरसाला तोडणी. म्हणजे दोन हजार सातला. यावं लागंल.

मी म्हटलं, तोवर मी त्रेसष्टचा होईन, गुडघे कामातून गेलेत.

"मंग शिडी आणू," जावई म्हणाला.

वत्सलाने कोयता फळीवरून काढून माझ्यासमोर ठेवला. भागीबाईचा होता, मार्चमध्ये परत द्यायचा राहून गेला होता. चांगलाच गंजला आहे. उद्या घासून बघतो.